कोपरं-गुडघ्यांची खाज आणि ताटातला गहू: सिलिॲकच्या पुरळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. सातपूरला लेथवर उभा राहणारा माणूस आहे. सिलिॲक, म्हणजे गव्हाने आतडं बिघडवणारा आजार, आणि त्यातून उठणारं खाजरं पुरळ मला झालं, ते ओळखायला अडीच वर्षं गेली आणि तेव्हापासून नाशकात कुणाच्याही कोपराला न जाणारी खाज सुटली की लोक माझा नंबर देतात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. औषधाचा निर्णय मात्र त्वचारोगतज्ज्ञ आणि पोटाचे डॉक्टर यांच्याकडेच घ्या.

हा नेमका कसला पुरळ आहे?

नाव लांबलचक आहे: डर्मॅटायटिस हर्पेटिफॉर्मिस. डॉक्टर नुसतं ‘डीएच’ म्हणतात. १८८४ साली फिलाडेल्फियाच्या लुई ड्यूरिंग या त्वचारोगतज्ज्ञाने त्याचं वर्णन केलं, म्हणून जुन्या पुस्तकांत ‘ड्यूरिंगचा आजार’ असंही सापडतं. लालसर पुटकुळ्या आणि पाण्याने भरलेले बारीक फोड घोळक्याने येतात. जागा ठरलेल्या असतात. कोपराची बाहेरची बाजू, गुडघे, ढुंगण, माकडहाडाचा भाग, खांदे, मानेची मागची बाजू आणि केसांची कड. शिवाय दोन्ही बाजूंना सारखंच. डाव्या कोपराला आलं की उजव्यालाही येणार.

खाज म्हणजे नुसती खाज नव्हे. आधी आग होते, टोचल्यासारखं होतं, आणि मग काही तासांनी तिथेच पुरळ उठतं. माझी बायको म्हणायची, “अजून काही दिसत नाही, तरी तुम्ही खाजवताय कशाला?” दुसऱ्या दिवशी सकाळी दिसायचं. गंमत अशी की डॉक्टरांना शाबूत फोड बहुधा बघायलाच मिळत नाही. रात्रभर नखांनी सगळं फोडून झालेलं असतं आणि तपासणीच्या टेबलावर उरतात फक्त ओरखडे, खपल्या आणि काळे डाग.

नावात ‘हर्पेटिफॉर्मिस’ आहे. म्हणजे ही नागीण का?

नाही. फोड नागिणीसारखे घोळक्याने येतात, एवढ्यासाठीच ते नाव पडलं. हर्पिसच्या विषाणूचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते, दोन-चार आठवड्यांत ओसरते, आणि तिथे खाजेपेक्षा वेदना जास्त. डीएच दोन्ही बाजूंना येतो आणि महिनोन् महिने येत-जात राहतो. आमच्या आईने गावाकडच्या एका बाबाकडून गेरू मंतरून आणला होता. लावला. चार दिवस कोपरं भगवी दिसली, बाकी काही नाही.

गव्हाचा आणि कोपराचा संबंध काय?

हा प्रश्न मीही डॉक्टरांना तीनदा विचारला होता, कारण पटतच नव्हतं.

गहू, जव आणि राय (हे परदेशी धान्य) यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणकेला जो चिवटपणा येतो तो त्याच्यामुळे. ते कुणाच्याच पोटात पूर्ण पचत नाही, त्याचे काही तुकडे उरतात. बहुतेकांना त्याने काही होत नाही. पण काहींच्या अंगात एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं असतात, आणि त्यांतल्याही थोड्या जणांची रोगप्रतिकारशक्ती या तुकड्यांना शत्रू समजते. आतड्यातल्या ट्रान्सग्लुटामिनेज नावाच्या विकराविरुद्धच (एन्झाइमविरुद्ध) मग शरीर प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करतं. हाच सिलिॲक.

त्या विकराचा एक भाऊ त्वचेत राहतो, ट्रान्सग्लुटामिनेज ३. दोघांचा तोंडवळा बऱ्यापैकी सारखा. डीएच झालेल्यांच्या रक्तात या भावाविरुद्धही ‘आयजीए’ प्रकारची प्रतिपिंडं असतात आणि ती त्वचेच्या वरच्या थराखाली जाऊन कणाकणाने साचतात. त्यांच्या मागावर पांढऱ्या पेशी येतात, तिथे दाह होतो, वरचा थर सुटतो आणि फोड उठतो. तक्रार आतड्यातली, पण समन्स त्वचेला लागतं, असं मी सांगतो.

गहू आणि सिलिॲकचं नातं डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी उलगडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला होता. त्या उपासमारीत त्यांच्याकडे उपचार घेणारी सिलिॲकची मुलं मात्र सुधारली, आणि ब्रेड परत आला तशी पुन्हा आजारी पडली. डीएच झालेल्यांच्या आतड्यातही बिघाड असतो हे कळायला पुढे १९६६ उजाडलं.

पण माझं पोट तर ठणठणीत आहे!

माझंही होतं. दगड पचवेन असं मी मिरवायचो. डीएचच्या बहुतेक रुग्णांना पोटाचा त्रास नसतो किंवा किरकोळ असतो, आणि म्हणूनच कुणाला पोटाचा संशय येत नाही. तरीही दुर्बिणीतून तपासलं तर चारांतल्या जवळपास तिघांच्या लहान आतड्यातली बोटांसारखी उंचवट्यांची रचना झिजलेली सापडते, आणि उरलेल्यांतही सौम्य दाह असतो. माझं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं नऊच्या आसपास होतं आणि लोहाच्या गोळ्यांनी ते हलत नव्हतं. अन्नातलं लोह शोषलंच जात नव्हतं. सगळे म्हणायचे, पालेभाजी खात जा.

खरूज, इसब, पित्त यांपासून वेगळं कसं ओळखायचं?

नुसतं बघून खात्रीने कुणीच ओळखू शकत नाही, पण काही खुणा आहेत.

खरूज बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, कंबरेला आणि जांघेत येते, आणि घरात आणखी कुणीतरी खाजवत असतं. माझ्या घरात कुणालाच खाज नव्हती, तरी मला दोनदा खरजेचा कोर्स झाला. सगळ्या घराने गळ्यापासून पायापर्यंत मलम फासलं, बायकोने चादरी उकळल्या, शेजाऱ्यांनी दार लोटून घेतलं. ते औषध लिहून देणाऱ्यांवर माझा फार राग नाही, कारण हा आजार आपल्याकडे विरळाच. राग आहे तो तिसऱ्यांदाही तेच औषध देण्यावर.

पित्त उठतं त्याच्या गांधी चोवीस तासांत जागा बदलतात. डीएचचं पुरळ तिथेच राहतं. लहानपणापासूनचा इसब कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यामागे येतो, तर डीएच कोपराच्या टोकाकडे. हा फरक लक्षात ठेवायला सोपा आहे.

आपल्याकडे आणखी दोन संशयित असतात. एक गाजरगवत. त्याची ॲलर्जी चेहरा, पापण्या, मान आणि हातापायांच्या घड्यांत दिसते. दुसरी द्राक्षबागेतली फवारणी. निफाड-दिंडोरीकडचे लोक मला हमखास विचारतात, “औषध मारल्यामुळे तर नाही ना झालं?” फवारणीने त्वचा नक्की बिघडते, पण मग ती उघड्या हातांवर आणि मानेवर बिघडते, आणि हंगाम संपला की उतरते. पँटच्या आत ढुंगणावर दोन्ही बाजूंना सारखं पुरळ येत असेल, तर औषधाचा पंप निर्दोष आहे.

मग निदान कसं होतं?

त्वचेचा बारीक तुकडा काढून. इथे दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे आणि दोन्हींत चुका होतात.

पहिली, तुकडा कुठून काढायचा. फोडावरून नाही. फोडाच्या शेजारची, दिसायला धड असलेली त्वचा घ्यावी लागते, साधारण सेंटिमीटरभराच्या आतली. फोडाच्या जागी दाहामुळे आयजीएचे कण नष्ट झालेले असू शकतात. दुसरी, तुकडा कशात ठेवायचा. नेहमीच्या बायोप्सीचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये जातो. या तपासणीचं नाव डायरेक्ट इम्युनोफ्लुरेसन्स, आणि तिचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये पडला की संपला. तो मिशेल द्रावणात किंवा लवकर पोहोचणार असेल तर सलाइनमध्ये ठेवतात. माझा पहिला नमुना फॉर्मॅलिनमध्ये गेला. अहवालात ‘ठोस काही नाही’ असं आलं आणि मी पुन्हा सहा महिने खाजवत बसलो. दुसरा नमुना मुंबईला गेला. अतिनील प्रकाशात त्वचेच्या थराच्या टोकाटोकांवर हिरवे चमकते ठिपके दिसले, आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “पोळ्या किती खाता?”

तेव्हा बायोप्सीच्या दिवशी संकोच न करता विचारा: नमुना कशात ठेवणार आणि कुठे जाणार? डॉक्टरांना राग येत नाही. आला तर येऊ द्या.

रक्ततपासणी पुरत नाही का?

टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज आयजीए, म्हणजे ‘टीटीजी’, ही तपासणी करतातच, सोबत एकूण आयजीएही मोजतात. पण डीएचच्या काही रुग्णांत टीटीजी नॉर्मल येते. तेवढ्यावरून आजार नाही असं ठरवू नका. बायोप्सी स्पष्ट असेल तर त्यातच सिलिॲकही सिद्ध होतो, त्यामुळे प्रत्येकालाच एंडोस्कोपी लागते असं नाही. ते पोटाचे डॉक्टर ठरवतील.

तपासणीआधी महिनाभर गहू सोडून बघू का?

नको. नको. नको.

एवढी एकच गोष्ट वाचलीत तरी चालेल. इंटरनेटवर वाचून लोक आधी पोळी सोडतात, थोडं बरं वाटतं आणि मग तपासायला जातात. गहू सुटला की रक्तातली प्रतिपिंडं उतरायला लागतात, आतडं भरून यायला लागतं आणि निदान हातातून निसटतं. त्वचेतले कण बरेच टिकतात हे खरं, पण त्या भरवशावर राहू नका. मग डॉक्टर सांगतात, “आता पुन्हा काही आठवडे गहू खा आणि या.” बरं वाटलेल्या माणसाला पुन्हा मुद्दाम आजारी पडायला सांगण्यासारखं ते आहे. तपासणी होईपर्यंत पोळी चालू ठेवा.

डॅप्सोन दिलंय. मेडिकलवाला म्हणाला, ही कुष्ठरोगाची गोळी आहे. खरं का?

गोळी तीच, आजार वेगळा. कुष्ठरोगाच्या सरकारी बहुऔषध उपचारात जी तीन औषधं असतात त्यांतलं एक डॅप्सोन. तिथे ते जंतू मारतं. आपल्यात जंतूच नाही, इथे ते त्वचेत जमणाऱ्या पांढऱ्या पेशींचा धिंगाणा थांबवतं. तुम्हाला कुष्ठरोग नाही. (आणि असता, तरी तो औषधाने पूर्ण बरा होतो. दुकानात आवाज खाली करण्याचं कारण तेव्हाही नसतं.)

परिणाम मात्र थक्क करणारा. दोन-तीन दिवसांत खाज थांबते. अडीच वर्षांनी मी पहिल्यांदा सलग सहा तास झोपलो आणि बायकोने घाबरून मला हलवून जागं केलं.

या गोळीचे धोके काय?

आहेत, आणि ते हलक्यात घेऊ नका. सुरू करण्याआधी जीसिक्सपीडी ही रक्ततपासणी व्हायलाच हवी. ज्यांच्यात हे विकर जन्मतः कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने झपाट्याने फुटू शकतात. ही कमतरता पुरुषांत जास्त दिसते आणि आपल्या देशात काही आदिवासी समाजांत तिचं प्रमाण जास्त आहे, तेव्हा सुरगाणा-पेठकडच्या मित्रांनी तर तपासणी टाळूच नये.

विकर पुरेसं असलं तरी हिमोग्लोबिन थोडं उतरतंच, म्हणून पहिल्या महिन्यात जवळजवळ दर आठवड्याला रक्त तपासतात, नंतर अंतर वाढवतात. यकृतावरही लक्ष ठेवतात. ओठ निळसर दिसणं, धाप लागणं आणि कोविडच्या काळात घेतलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा घसरलेला दिसणं, यांतलं काही झालं तर डॉक्टरांना लगेच कळवा. पहिल्या काही आठवड्यांत ताप, घसा दुखणं, अंगभर नवीन पुरळ किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. ‘सोमवारी दाखवू’ असं करू नका.

मधुमेह असलेल्यांसाठी एक वेगळीच गोम आहे. या गोळीवर असताना तीन महिन्यांच्या साखरेचा एचबीए१सी हा आकडा खोटा कमी येतो. डॉक्टर शाबासकी देतील, पण साखर तिथेच असेल.

डॅप्सोन सोसत नसेल तर सल्फासॅलाझीनसारखे पर्याय आहेत.

गोळीने बरं वाटतंय. मग गहू कशाला सोडायचा?

कारण गोळी फक्त त्वचेला गप्प करते. आतड्याला ती काही करत नाही. गहू चालू राहिला तर आतली झीज, रक्तक्षय आणि हाडांचा ठिसूळपणा आपल्या गतीने चालूच राहतो, आणि सिलिॲकवाल्यांना आतड्याच्या लिम्फोमाचा (एक प्रकारच्या कर्करोगाचा) जो थोडा वाढलेला धोका असतो तोही. गहू सोडून राहणाऱ्यांत हा धोका खाली येतो. शिवाय गहू सोडला की गोळीची मात्रा हळूहळू कमी होत जाते आणि बऱ्याच जणांची पुढे बंदही होते.

वेळ मात्र लागतो. आज पोळी सोडली आणि आठवड्यात त्वचा स्वच्छ, असं होत नाही. फरक दिसायला काही महिने, गोळीशिवाय राहता यायला अनेकदा वर्ष-दोन वर्षं. त्वचेत साचलेले कण पूर्ण निघून जायला त्याहूनही कितीतरी जास्त. मला एकोणीस महिने लागले. मधल्या काळात ‘पथ्य करून काही होत नाही’ म्हणून सोडून देणारे मी तीन जण पाहिलेत.

नक्की काय सोडायचं? आमच्याकडे तर सगळंच गव्हाचं.

तसं वाटतं, पण नाशिक जिल्हा या आजाराला सोयीचा आहे. सिन्नर-येवल्याची बाजरी, इगतपुरीचा भात, पेठ-सुरगाण्याची नागली आणि वरई, मालेगाव-बागलाणकडची कळण्याची भाकरी. आमच्या आजीला हा आजार असता तरी तिला कळला नसता, कारण तिच्या घरी पोळी सणालाच व्हायची.

सोडायचं ते हे: गहू आणि त्याची सगळी बाळं. कणीक, मैदा, रवा, शेवया, लापशी, पाव, बिस्किटं, टोस्ट, खारी. खपली गहूसुद्धा! ‘खपली चालतो, तो जुना गहू आहे’ असं छातीठोकपणे सांगणारे पावलोपावली भेटतात. खपली पचायला हलका असेल, मधुमेहाला बरा असेल, पण त्यात ग्लुटेन आहे. बन्सी गव्हातही आहे. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने काढलेल्या वाणांची त्र्यंबक, तपोवन, गोदावरी अशी पवित्र नावं आहेत. आपल्याला तिन्ही वर्ज्य.

मग येतात लपलेले गहू. कुरडया आणि गव्हाचा चीक तर उघडच, पण उन्हाळ्यात वाळवणं घालताना लोक विसरतात. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी मूठभर गहू पडतोच. सातूच्या पिठात सातू म्हणजे जव, आणि सोबत बऱ्याचदा गहूही. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवाच्या. चायनीज गाडीवरच्या सोया सॉसमध्येही बऱ्याचदा गहू असतो. आणि हिंग! बाजारातल्या डबीतल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. मी आठ महिने काटेकोर पथ्य करून खाजवत होतो, आणि रोजच्या वरणात चिमूटभर मैदा पडत होता. तांदळाचं पीठ घातलेला हिंग मिळतो, डबीची मागची बाजू वाचा.

पाकिटावर ‘राय’ लिहिलेलं असेल तर ती परदेशी धान्याची जात, ती नको. आपली फोडणीतली राई म्हणजे मोहरी, ती बिनधास्त. यावरून आमच्याकडे एकदा मोठं भांडण झालंय.

आपल्याकडे ‘ग्लुटेन फ्री’ छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅमच्या आतली आहे. ते शब्द असलेलं घ्या, पण महागड्या बिस्किटांच्या नादी फार लागू नका. उपवासाचं कपाट उघडा: भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा. आषाढी एकादशीला अख्खं घर माझं पथ्य पाळतं आणि कुणी कुरकुर करत नाही.

ओट्स मुळात बहुतेकांना चालतात, पण साध्या ओट्समध्ये गव्हाची भेसळ असते. सुरुवातीचं वर्ष तरी मी दूर राहिलो.

बाजरी गिरणीतून दळून आणली तर चालेल?

इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. तुमच्या आधी कुणाचे तरी दहा किलो गहू दळले गेलेत आणि जात्याच्या फटींत ते पीठ बसलंय. पहिली दोन-तीन किलो बाजरी त्यातच मिसळून निघते. आमचा गिरणीवाला चांगला माणूस, सोमवारी गिरणी साफ करून पहिलं दळण माझं करायचा, तरी पुरळ पूर्ण जाईना. शेवटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गव्हाचा एक दाणाही घालायचा नाही असा घरात नियम केला. परवडत असेल तर फ्रिजच्या आधी ही घ्या. नसेल तर तांदूळ, भगर असं अख्ख्या दाण्याचं जेवण वाढवा. दाणा निवडता येतो, धुता येतो.

तवा, पोळपाट, तळणीचं तेल, पीठ चाळायची चाळणी यांचंही तेच. माझी चाळणी वेगळी आहे आणि तिला लाल दोरा बांधलाय.

मिसळ?

हा प्रश्न फक्त नाशिककर विचारतात, आणि तोही सगळ्यात काळजीच्या सुरात. मटकीची उसळ आणि रस्सा मुळात निर्दोष. पाव गेला. सोबत जिलेबी देतात, ती मैद्याची, गेली. फरसाणात निव्वळ बेसनाची शेव असेल तर ठीक, पण मिक्स फरसाणात मैद्याच्या पापड्या असतात, आणि हिंगाचं वर सांगितलंच. मी दोन ठिकाणी मालकांशी बोलून ठेवलंय. ते मला नुसती उसळ-रस्सा देतात, शेव आणि भाकरी मी डब्यातून नेतो. आजूबाजूचे बघतात. बघू देत.

लग्नाच्या पंगतीत मी घरून जेवून जातो आणि मठ्ठा पितो. सत्यनारायणाच्या शिऱ्याचं अवघड असतं, नाही म्हटलं की यजमानांचं तोंड उतरतं. मी तीर्थ आणि केळं घेतो आणि “डॉक्टरांची बंदी आहे” म्हणतो. ‘ग्लुटेन’ म्हटलं तर कुणी मनावर घेत नाही.

वाईन आणि बिअर?

बिअर जवाची, बंद. वाईन द्राक्षाची, तिच्यात ग्लुटेन नाही. नाशिकमध्ये राहण्याचा एवढा तरी फायदा. डॅप्सोन चालू असताना आणि यकृताचे आकडे ठीक नसताना मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आयोडीनने वाढतं असं ऐकलं. साधं मीठ खाऊ का?

जास्त आयोडीनने काहींचं पुरळ भडकतं हे खरं आहे, विशेषतः समुद्री शेवाळाच्या गोळ्या, पोटॅशियम आयोडाइड असलेली खोकल्याची औषधं, कधी कधी भरपूर समुद्री मासे यांनी. पण आयोडीनयुक्त मीठ मनाने बंद करू नका. गलगंड टाळण्यासाठी ते आहे, आणि सिलिॲकवाल्यांना थायरॉइडचे विकार आधीच जास्त. पथ्य पूर्ण असूनही पुरळ हटत नसेल तरच हा विषय डॉक्टरांकडे काढा. इंडोमेथॅसिनसारख्या काही वेदनाशामकांनीही त्रास वाढू शकतो.

कणकेत हात घातला तर होतं का? उटणं, साबण?

आजार खाण्याने होतो, स्पर्शाने नाही. बायको पोळ्या लाटत असताना मी शेजारी उभा असतो. मात्र कणीक मळून हात न धुता काही खाल्लं तर ते पोटात जाणार. मलमांचं म्हणाल, तर जोरदार स्टेरॉइड मलमाने खाज थोडी बसते, तेवढ्यापुरतीच. दुकानातून मनाने आणलेली तीन औषधांची मिश्र मलमं लावू नका. त्यांनी नायटा असेल तर तो पसरतो आणि डॉक्टरांना मूळ पुरळ ओळखू येत नाही.

माझ्यापासून मुलांना लागेल का?

लागत नाही. एकच टॉवेल वापरा, एका ताटात जेवा. पण आनुवंशिकता आहे. सख्खे भाऊ-बहीण, आई-वडील आणि मुलं यांना सिलिॲकचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त, त्यामुळे तक्रार नसली तरी त्यांची टीटीजी करून घ्या. माझ्या धाकट्या बहिणीची वाढलेली निघाली. तिला पुरळ एकही नाही, मात्र बारा वर्षं थकवा होता आणि सगळे त्याला आळस म्हणत होते.

सोबत थायरॉइड, बी१२, ड जीवनसत्त्व, लोह आणि गरज पडल्यास हाडांची घनता तपासतात. टाइप १ मधुमेह आणि कोड हेही या घराण्यातलेच आजार.

हे आयुष्यभर का?

पथ्य हो, आयुष्यभर. क्वचित कुणाचा आजार आपोआप शांत होतो, पण तो आपणच असू असं धरून पुरणपोळी खाऊ नये. आमच्याकडे आता होळीला पुरण होतं, पोळी तांदळाच्या पिठीची. फाटते. पुरण वाटीत घेऊन वर तूप सोडतो.

चुकून खाल्लं गेलं तर?

घाबरू नका, उलटी काढायला जाऊ नका. एका घासाने कधी काहीच होत नाही, कधी दोन-चार दिवसांनी कोपरं चुरचुरायला लागतात, आणि उठलेलं पुरळ बसायला काही आठवडेही लागू शकतात. उरलेली जुनी गोळी मनाने सुरू करू नका, डॉक्टरांना फोन करा. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खाज उठली की टिंब काढतो आणि मागच्या तीन दिवसांत बाहेर काय खाल्लं ते लिहितो. गेल्या दिवाळीत सलग पाच टिंबं आली होती. शेजारच्या काकूंनी खास माझ्यासाठी वेगळ्या केलेल्या तांदळाच्या चकल्या होत्या, पण तळल्या शंकरपाळ्यांच्याच तेलात.